नॉर्दर्न लाइट्स बघायला पहिल्यांदाच जाताय? ट्रॉम्सो-अबिस्कोची पायरीपायरीनं तयारी

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला मी पहिल्यांदा गेले ती ऑस्लोतल्या ऑफिसच्या कामाला जोडून. हातात शुक्रवार-शनिवार अशा दोन रात्री होत्या. फोनमधलं अ‍ॅप केपी (नॉर्दर्न लाइट्सचा जोर सांगणारा आकडा) पाच दाखवत होतं, म्हणजे आकाश हिरवंगार व्हायला हवं होतं. पण डोक्यावर ढगांचं जाड छत होतं. पन्नास जणांच्या बसमधून उतरून आम्ही फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या खाडीच्या काठावर ओल्या बर्फात तीन तास उभे राहिलो आणि काहीही न बघता परत आलो. दुसऱ्या रात्रीही तेच.

दोन वर्षांनी मार्चमध्ये आई-बाबांना घेऊन गेले. सहा रात्री ठेवल्या, त्यातल्या तीन रात्री दिसलं. मधल्या काळात जे वाचलं, विचारलं आणि चुकून शिकले ते इथे क्रमानं लिहिते आहे. पुण्या-मुंबईहून आई-वडिलांना घेऊन निघालेल्यांचा विचार जास्त केला आहे, कारण हा प्रवास महाग आहे, बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच होतो आणि न बघता परत फिरताना कसं वाटतं ते मला माहीत आहे.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. या अक्षांशांवर अरोरा, म्हणजेच नॉर्दर्न लाइट्स, बहुतेक रात्री थोडाफार असतोच. आड येतात ते ढग. त्यामुळे पैसे कुठे घालायचे हा प्रश्न आला की दोन गोष्टींवर घाला: जास्त रात्री, आणि ढगांपासून लांब जाता येईल अशी सोय. हॉटेल साधं असलं तरी चालेल.

१. काय बघायला चाललोय ते आधी समजून घ्या

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा (सौरवारा) सतत वाहत असतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला तो रात्रीच्या बाजूला लांब शेपटीसारखं ताणतो. ताण फार वाढला की शेपटीतल्या चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळतात आणि इलेक्ट्रॉन त्या रेषांवरून वेगानं आपल्या वातावरणात उतरतात. साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर ते ऑक्सिजनच्या अणूंना उद्दीपित करतात, त्यातून हिरवा रंग निघतो. २०० किलोमीटरच्या वर तोच ऑक्सिजन लाल प्रकाश देतो. प्रकाशाच्या या पडद्याच्या खालच्या कडेला कधीकधी गुलाबी-जांभळी झालर दिसते, ती नायट्रोजनची. क्रिस्टियान बिर्कलँड या नॉर्वेजियन शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निर्वात पेटीत चुंबकीय गोळा टांगून असाच प्रकाश प्रयोगशाळेत पाडून दाखवला होता. नॉर्वेच्या जुन्या २०० क्रोनच्या नोटेवर त्यांचं चित्र होतं.

हे इलेक्ट्रॉन ध्रुवाच्या डोक्यावर उतरत नाहीत, तर चुंबकीय ध्रुवाभोवतीच्या एका कड्यात उतरतात. ट्रॉम्सो, अबिस्को, आइसलँड, अलास्कातलं फेअरबँक्स, कॅनडातलं यलोनाइफ ही ठिकाणं या कड्याखाली किंवा त्याच्या अगदी लगत आहेत. म्हणून ‘जितकं उत्तरेला तितकं चांगलं’ हा समज सोडून द्या. नॉर्वेची स्वालबार्ड बेटं ७८ अंशांवर आहेत, पण रात्रीचा अरोरा बहुधा त्यांच्या दक्षिणेला राहतो. अरोरासाठी म्हणून तिथवर जायची गरज नाही. शिवाय स्वालबार्ड शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) बाहेर आहे, त्यामुळे व्हिसाची गुंतागुंत वाढते ती वेगळीच.

दुसरा समज फोटोंमुळे होतो. मंद अरोरा डोळ्यांना हिरवा दिसतच नाही. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत, त्यामुळे तो राखाडी-पांढुरक्या पट्ट्यासारखा दिसतो आणि तोच पट्टा कॅमेऱ्यात हिरवा येतो. जोर वाढला की मग साध्या डोळ्यांनाही हिरवा स्पष्ट दिसतो आणि तो हलायला लागतो. घरच्यांना हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवा. नाहीतर पांढरा पट्टा बघून ‘एवढंच?’ म्हणत लोक गाडीत जाऊन बसतात आणि पंधरा मिनिटांनी जे सुरू होतं ते त्यांचं हुकतं. माझ्यासमोर एका कुटुंबाचं असं झालं आहे.

मे २०२४ च्या मोठ्या सौरवादळात लडाखमधल्या हानलेहूनही लाल प्रकाश टिपला गेला, तेव्हापासून ‘मग लडाखलाच जाऊ की’ असं बरेच जण म्हणतात. तो अनेक वर्षांतून कधीतरी येणारा प्रसंग, आणि तोही क्षितिजावरची लालसर झाक. त्याच्या भरवशावर सहल ठरवता येत नाही.

२. महिना ठरवा

ट्रॉम्सोत मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. त्याच्या मागेपुढेही रात्री उजळ असतात. अरोराचा हंगाम ऑगस्टअखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत.

सप्टेंबर-ऑक्टोबर: थंडी सोसवेल इतपत, तळी गोठलेली नसतात त्यामुळे पाण्यात प्रतिबिंब मिळतं, रस्ते बहुतेक कोरडे. पण किनाऱ्यावर पाऊस बराच.

नोव्हेंबरअखेर ते जानेवारीचा मध्य: ध्रुवीय रात्र. सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. दुपारी दोन-तीन तास निळसर संधिप्रकाश असतो, तो सुंदर असतो, पण वयस्कर माणसांना हा अंधार मनावर येतो. बाबांना झोपेचा त्रास आहे म्हणून आम्ही हे महिने टाळले.

फेब्रुवारी-मार्च: बर्फ भरपूर, दिवस पुरेसा मोठा, रात्रही पुरेशी काळोखी. मार्च आणि सप्टेंबर या दोन्ही विषुवकाळांच्या (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसांच्या) आसपास पृथ्वीचं आणि सौरवाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र जास्त सहज जुळतं, त्यामुळे अरोराची शक्यताही थोडी वाढते. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर मी मार्च म्हणेन. मार्चची हॉटेलं लवकर भरतात, चार-पाच महिने आधी बुकिंग करा.

चंद्राची फार काळजी करू नका. पौर्णिमेला मंद अरोरा पुसट होतो हे खरं, पण डोंगर आणि बर्फ उजळून निघतात आणि माणसांना पायाखालचं दिसतं. अमावास्येच्या पुढेमागे जमलं तर उत्तम, नाही जमलं तर अडून बसू नका.

सौरचक्राची, म्हणजे सूर्याच्या सक्रियतेतल्या चढउताराची, कमाल २०२४ मध्ये येऊन गेली, आता संधी गेली, असंही ऐकू येईल. कमाल ओसरल्यावरच्या वर्षांत सूर्यावरच्या कोरोनल होलमधून (त्याच्या बाहेरच्या वातावरणातल्या विरळ भागांतून) निघणारे वेगवान झोत दर २७ दिवसांच्या आसपास पुन्हापुन्हा येतात आणि या उत्तरेकडच्या गावांना ते पुरेसे असतात.

३. जागा: ट्रॉम्सो की अबिस्को?

ट्रॉम्सो हे ६९ अंश उत्तरेवरचं नांदतं शहर. ऑस्लोहून विमानानं सुमारे दोन तास. समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे इतक्या उत्तरेला असूनही हिवाळ्यात शहरात सरासरी उणे तीन-चार अंश असतं. दवाखाने, दुकानं, शाकाहारी खाणं, दिवसा करण्यासारख्या गोष्टी, सगळं हाताशी. पण समुद्रकिनारा म्हटला की ढग आलेच.

अबिस्को हे स्वीडनमधलं तोर्नेत्रेस्क तळ्याकाठचं छोटंसं गाव, किरुनापासून शंभरेक किलोमीटरवर. इथलं आकाश जास्त वेळा मोकळं का असतं हे आपल्याला चटकन कळेल. महाबळेश्वरला धो धो कोसळणारा पाऊस डोंगर ओलांडून माण-खटावला पोचेपर्यंत संपून जातो. तसंच अटलांटिककडून येणारी वाफ नॉर्वेच्या डोंगरांवर रिती होते आणि अबिस्को पर्जन्यछायेत राहतं. स्टॉकहोमहून रात्रीची रेल्वे थेट जाते. पण गाव एवढंसं आहे की दिवसा करण्यासारखं मोजकंच, राहण्याच्या जागा थोड्या आणि थंडी ट्रॉम्सोपेक्षा बरीच जास्त.

तरुण असाल, थंडीची भीती नसेल तर अबिस्को. वडीलधारे बरोबर असतील तर ट्रॉम्सो, आणि ढगांवर उपाय म्हणून आतल्या भागात नेणाऱ्या टूर. आम्ही हेच केलं.

४. किती रात्री?

कमीत कमी चार, शक्य असेल तर सहा. ट्रॅव्हल कंपन्यांच्या बारा दिवसांच्या युरोप सहलीत ‘ट्रॉम्सो २ रात्री’ असं लिहिलेलं असतं, त्यातली एक रात्र प्रवासाच्या शिणातच जाते. पॅकेज घेणार असाल तर कंपनीला हे विचाराच: उत्तरेत एकूण रात्री किती? अरोरासाठी बाहेर किती वेळा नेणार, की एकदाच? ढग असतील तर बस किती लांब जाईल? ‘दिसण्याची गॅरंटी’ असं कोणी म्हणालं तर गॅरंटी म्हणजे काय ते लेखी घ्या. बहुतेक वेळा त्याचा अर्थ दुसऱ्या रात्री सवलतीत किंवा फुकट नेणं एवढाच असतो, आणि दुसरी रात्र तुमच्याकडे असेल तरच त्याचा उपयोग.

५. व्हिसा आणि कागदपत्रं

नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे. एकापेक्षा जास्त देश करणार असाल तर ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्याच देशाकडे अर्ज करायचा. पॅरिस तीन रात्री आणि ट्रॉम्सो पाच रात्री असतील तर अर्ज नॉर्वेकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून दुसऱ्याच देशाकडे अर्ज करायचा सल्ला एजंट देतात. तो मानू नका, नकार येण्याचं ते सरळ कारण ठरू शकतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ४५ दिवसांपर्यंतही जाऊ शकतात. म्हणून अडीच-तीन महिने आधी अर्ज करा. फी मोठ्यांसाठी ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क.

फाइलमध्ये हे लागेल:

- पासपोर्ट: गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी
- भरून सही केलेला अर्ज आणि अपॉइंटमेंटची प्रत
- ३५ बाय ४५ मिलिमीटरचे ताजे फोटो
- प्रवास विमा: वैद्यकीय खर्चासाठी किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांना आणि सगळ्या तारखांना लागू
- विमान आणि हॉटेलचं बुकिंग, दिवसवार कार्यक्रम
- अलीकडच्या महिन्यांची बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं
- नोकरदारांसाठी पगाराच्या पावत्या आणि रजा मंजूर असल्याचं पत्र. निवृत्तांसाठी पेन्शनचे कागद
- खर्च मुलगा-मुलगी करणार असेल तर तसं पत्र आणि नात्याचा पुरावा

शेवटच्या मुद्द्यावर आमचं अडलं होतं. माझ्या पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, आई-बाबांच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव. मी त्यांचीच मुलगी आहे हे दाखवायला जन्मदाखला आणि विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र दोन्ही लागले, आणि जन्मदाखला नगरपालिकेतून नव्यानं काढण्यात तीन आठवडे गेले. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी हे काम सगळ्यात आधी करावं.

विमा काढताना आई-वडिलांचं रक्तदाब-मधुमेहाचं दुखणं लपवू नका. आधीपासूनच्या आजारांना संरक्षण देणारी पॉलिसी थोडी महाग पडते, पण तीच घ्या.

६. कपडे: इथे काटकसर नको

शहरात उणे चार असलं तरी ढग चुकवून आतल्या भागात गेलात की उणे वीस सहज असतं, आणि तिथे चालायचं नसतं, तासन्‌तास उभं राहायचं असतं. मनालीला वापरलेलं एक जाड जॅकेट आणि जीन्स या भरवशावर जाऊ नका. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि ओला झाला की अंगातली ऊब ओढून घेतो. अंगाला लागून मेरिनो लोकरीचं किंवा चांगलं सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, त्यावर पिसांचं किंवा फायबरचं जॅकेट आणि सगळ्यात वर वारा अडवणारा थर. पायांतही दोन थर हवेत, हे बरेच जण विसरतात.

सगळ्यात जास्त त्रास पावलांना होतो. घट्ट बुटात दोन जोड मोजे कोंबले की रक्त खेळत नाही आणि बोटं आणखी गारठतात. एक नंबर मोठा बूट आणि लोकरीचा एकच जाड मोजा घ्या. आईसाठी मी घरातली जुनी योगा मॅट कापून दोन तुकडे नेले होते. बर्फावर ते टाकून त्यावर उभं राहिलं की तळव्यांना थंडी चढत नाही. गाइडनं ते बघून स्वतःच्या गाडीत ठेवायला एक तुकडा मागून घेतला.

हातांसाठी आत पातळ हातमोजे आणि वर बोटं एकत्र राहणारे जाड मोजे. फोन वापरायला वरचे काढायचे, आतले ठेवायचे. कानटोपी हवीच. मफलर नाकावर घेऊ नका, चष्मा असेल तर मुळीच नको. बाबांचा श्वास वर जाऊन काचेवर धरला आणि तिथेच गोठला. पाच मिनिटं त्यांना काहीच दिसत नव्हतं. तेव्हापासून मफलर नाकाखाली.

आणखी एक वस्तू ट्रॉम्सोत उतरल्याबरोबर घ्या: बुटाखाली चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे. तिथे त्यांना ‘ब्रॉडर’ म्हणतात. फुटपाथवर काचेसारखा गुळगुळीत बर्फ असतो. आम्ही खरेदी उद्यावर टाकली आणि दुसऱ्या सकाळी बाबा हॉटेलच्या दारातच घसरून पडले. मनगट मुरगळण्यावर निभावलं.

बऱ्याच टूर वरून घालायचा जाड सूट आणि बूट देतात. बुकिंग करताना विचारा, म्हणजे तेवढी खरेदी वाचेल.

७. खाणं आणि औषधं

युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याची मिठाई, चीज घरीच ठेवा. भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, झटपट उपमा असं कोरडं नेलं की सकाळ-संध्याकाळची सोय होते. बाहेरचं जेवण फार महाग आहे. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट मिळालं तर घ्या, डाळ-भाताचा कुकर लावता आला की आई-वडील खूश असतात.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं. रात्री बाहेर पडताना ते आतल्या खिशात, अंगाशी ठेवा.

८. टूर की स्वतःची गाडी?

पहिल्यांदा जाताय तर गाडी चालवू नका. रस्त्यावर बर्फ, अंधार, उजव्या बाजूनं वाहतूक, मध्येच आडवा येणारा मूस (घोड्याएवढं मोठं हरीण), आणि चालवणाऱ्याचं लक्ष आकाशाकडे. घाटात गाडी चालवायची सवय इथे कामाची नाही.

टूर दोन प्रकारच्या. मोठी बस ठरलेल्या जागी नेते आणि स्वस्त असते. दुसरी ‘चेस’ टूर, आठ-पंधरा जणांची मिनीबस. गाइड ढगांचे नकाशे बघत मोकळं आकाश जिथे असेल तिथे जातो. कधी क्वालोया बेटावर, कधी स्किबॉटनच्या कोरड्या खोऱ्यात, आणि तिथेही ढग असतील तर सीमा ओलांडून फिनलंडमधल्या किल्पिसयार्वीपर्यंत. माणशी साधारण १,००० ते २,००० क्रोन, म्हणजे आपले आठ हजारांपासून पुढे. महागडी मिनीबस घ्या. पहिल्या खेपेला मी स्वस्त बस घेतली होती, तिचं काय झालं ते सुरुवातीला सांगितलंच.

पहिल्याच उपलब्ध रात्रीची टूर घ्या. ती फसली तर पुढच्या रात्री हातात राहतात. शेवटच्या रात्रीवर कधीही ठेवू नका.

निघण्यापूर्वी विचारायचं ते असं: सूट-बूट मिळतात का, परत यायला किती वाजतील (सहा-आठ तास धरा, पहाटेचे दोन-तीन वाजतात), वाटेत स्वच्छतागृह कुठे आणि किती वेळा. हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. उणे वीस अंशांत, उघड्या माळावर, चार थर अंगावर असताना आईची अडचण झाली तर पंचाईत होते. स्किबॉटनकडे जाताना वाटेतला शेवटचा पेट्रोल पंप कुठे हे विचारून ठेवलं आणि तिथे उतरलोच.

पासपोर्ट खिशात ठेवा, सीमा ओलांडली जाऊ शकते. फिनलंडचं घड्याळ नॉर्वेच्या एक तास पुढे आहे आणि फोन आपोआप वेळ बदलतो. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान असेल तर लावलेला गजर तपासून झोपा.

ज्या रात्री टूर नसेल त्या रात्री शहरातच प्रेस्तव्हान्ने तळ्याकाठी किंवा दक्षिणेच्या तेलेग्राफबुक्ता किनाऱ्यावर जाऊन उभं राहता येतं. जोरदार अरोरा शहराच्या दिव्यांतूनही दिसतो. आम्हाला एकदा तो हॉटेलच्या खिडकीतून दिसला.

९. अंदाज कसा वाचायचा

आधी ढग. नॉर्वेच्या हवामान खात्याचं यर हे अ‍ॅप घ्या आणि एकट्या ट्रॉम्सोचं हवामान बघून थांबू नका. ट्रॉम्सो, स्किबॉटन, किल्पिसयार्वी, अबिस्को ही चार नावं त्यात साठवून ठेवा. चारांत कुठेतरी मोकळं असतं असा माझा अनुभव आहे.

मग केपी. शून्य ते नऊ असा हा आकडा सगळ्या पृथ्वीचा, तीन तासांचा एकत्रित असतो. तुमच्या डोक्यावर या क्षणी काय चाललंय ते त्यातून कळत नाही. दक्षिणेकडच्या, म्हणजे जर्मनी-इंग्लंडच्या लोकांना मोठा केपी लागतो. ट्रॉम्सोला केपी एक-दोन असतानाही सुंदर अरोरा दिसतो. आम्हाला सगळ्यात चांगला दिसला त्या रात्री अ‍ॅपवर दोन होता. ‘आज केपी कमी आहे’ म्हणून हॉटेलात बसून राहणं ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक.

खोलात जायचं असेल तर बीझेड बघा. सौरवाऱ्याबरोबर येणारं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलं, म्हणजे आकडा उणे झाला आणि तसाच राहिला, की पृथ्वीचं दार उघडतं. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्य-पृथ्वीच्या ओढीचा तोल साधणाऱ्या एल-वन बिंदूपाशी असलेली यानं तो मोजतात. आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून तिथेच आहे. सौरवारा सेकंदाला ४०० किलोमीटरनं येत असेल तर तिथून आपल्यापर्यंत पोचायला तासभर लागतो, दुप्पट वेग असेल तर अर्धा तास. खरी खात्रीची सूचना मिळते ती एवढीच. महिनाभर आधीचे ‘अरोरा कॅलेंडर’ बघून तारखा ठरवू नका.

१०. प्रत्यक्ष त्या रात्री

संध्याकाळी सहापासून दिसू शकतो, पण नऊ ते एक ही वेळ सोडू नका. दुपारी दोन तास झोप काढा. थर्मासमध्ये चहा घ्या. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि फोनचा एक झगझगीत स्क्रीन ते सगळं घालवतो. स्क्रीनचा उजेड अगदी कमी करा, टॉर्च लाल प्रकाशाचा ठेवा. रस्त्याच्या कडेला उभे असाल तर अंगावर चमकणारी पट्टी हवीच. गोठलेल्या तळ्यावर गाइडनं सांगितल्याशिवाय पाऊल टाकू नका.

ढग की अरोरा, अशी शंका आली तर तारे बघा. ढगाआड तारे लपतात, अरोरातून दिसतात. चौथ्या रात्री स्किबॉटनच्या पुढे उभे असताना आईनं बोट दाखवून विचारलं, “हा ढगच ना गं?” उत्तरेला डोंगराच्या रेषेवर पांढरट कमान होती. बाबा म्हणाले, “थांब, त्यातून तारा दिसतोय.” खरंच एक तारा स्वच्छ दिसत होता. दहाएक मिनिटं ती कमान तशीच राहिली. मग तिची खालची कड उजळली, हिरवी झाली, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे लाट धावावी तशी हलली. तिथून पुढे ती डोक्यावर कधी आली ते कळलंच नाही. बर्फ हिरवा दिसत होता, आईचा चेहरा हिरवा दिसत होता. आईनं जाड मोज्यांतले हात जोडले आणि ते तसेच राहिले. काही आवाज नव्हता. बाबांच्या बुटाखाली बर्फ करकरला तेवढाच.

जोराचा भाग बहुतेक वेळा काही मिनिटंच टिकतो, मग सगळं पसरट, मंद होतं. तेव्हा निघायची घाई करू नका. तास-दीड तासानं पुन्हा उसळी येऊ शकते. आमच्या गाइडनं सगळ्यांना गाडीत बसवून गरम सूप दिलं आणि थांबवून ठेवलं. दुसरा झोत पावणेबाराला आला, त्यात गुलाबी कडही दिसली.

उत्तरेतल्या सामी या मूळ रहिवासी लोकांमध्ये अरोराकडे बघून शीळ वाजवू नये, हात हलवून चिडवू नये असा जुना समज आहे. गाइड सामी असेल तर तो स्वतः सांगेल. आपणही तो पाळावा असं मला वाटतं.

११. फोटो

ट्रायपॉडशिवाय काहीही येणार नाही. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ १६०० ते ३२००, लेन्स जितकी उघडता येईल तितकी (एफ २.८ असेल तर छान), शटर पाच ते दहा सेकंद. अरोरा वेगानं हलत असेल तर दोन-तीन सेकंदांवर आणा, नाहीतर पडद्याच्या चुण्या पुसून जातात. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर हातानं बसवा आणि मग हात लावू नका. फोनवर नाइट मोड, तीन ते दहा सेकंद, दोन सेकंदांचा टायमर म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. फ्लॅश बंद आहे ना हे निघण्यापूर्वीच तपासा. तुमचा एक फ्लॅश शेजारच्या दहा जणांचे फोटो बिघडवतो.

थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते. माझा फोन ३५ टक्के असताना अचानक बंद पडला. जास्तीची बॅटरी आणि पॉवर बँक आतल्या खिशात ठेवा. आधी दहा मिनिटं नुसतं डोळ्यांनी बघा, मग कॅमेरा काढा.

परत येऊन गरम खोलीत शिरण्यापूर्वी, बाहेरच, कॅमेरा झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून हवा काढून बंद करा. थंड लेन्सवर खोलीतली वाफ धरते आणि आतपर्यंत जाते. पिशवी उघडावीशी वाटेल, पण सकाळपर्यंत उघडू नका. आम्ही ती नाश्त्याच्या टेबलावर, चहा-चिवड्याबरोबर उघडली. आईनं आधी सगळे फोटो पाहिले आणि मग त्या पहिल्या पांढऱ्या कमानीचा, तारा दिसणारा फोटो शोधून पुण्याला मावशीला पाठवला.